पाचवा भाग, तेविसावं मिनिट

कुऱ्हाड पडली ती तेविसाव्या मिनिटाला, आणि बायकोने आपला हात काढून घेतला तो त्याच्या अर्धा क्षण आधी. झालं ते एवढंच. मुंगी शिंकली असती तरी ह्याहून जास्त गलका झाला असता. पण अलगदची एक पायरी चुकली, जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी तसं. पडद्यावर वखारीच्या मालिकेतला मधला भाऊ थोरल्याच्या खांद्यात कुऱ्हाड घालून ती उपसत होता, थोरला अजून चहाचा कप धरून होता, आणि अलगदचा डावा हात सोफ्यावर रिकामा पडला होता. अकरा वर्षं त्या हाताखाली बायकोचा उजवा हात असे. दुपारी दोनला जाड पडदे ओढायचे, दिवसाची रात्र करायची, खाऱ्या दाण्यांची वाटी दोघांच्या मधे न ठेवता तिच्या पलीकडे ठेवायची, कारण मधे हात असायचे. आता तिचा हात तिच्या केसांत होता. केस मागे सारत होती. सारायला केस पुढे आले नव्हते.

घटकाभर त्याने मनाला समजावलं. दचकली असेल. पण दचकणारा माणूस घाव पडल्यावर दचकतो. घाव पडायच्या आधी दचकायला देव तरी पाहिजे, नाही तर ज्याने एकदा पाहिलंय तो तरी. आणि त्या घावाची चाहूल कुणालाच लागण्यासारखी नव्हती. दोघे भाऊ हसत होते, लहानपणीच्या कुत्र्याची गोष्ट निघाली होती, वाद्यंसुद्धा वाजत नव्हती. मधल्याने हसता हसता वाकून कुऱ्हाड उचलली, जसा कुणी पडलेला चमचा उचलतो. मग हिला कसं कळलं? सदतिसाव्या मिनिटाला धाकट्याच्या तळहातात खिळा गेला. तेव्हा तिला मानेवर खाज आली, खिळ्याच्या आधी. सहाव्या भागात तीन वेळा झालं. एकदा चष्मा पुसला, एकदा दाणे घेतले, एकदा नुसताच हात निघून गेला, निमित्त शोधायलाही न थांबता. अलगदने पडद्याकडे बघणं सोडलं होतं. तो आता तिचा हात बघत होता, आणि त्या हाताकडे पाहून घाव कधी पडणार हे त्यालाही कळू लागलं होतं. आणि काढलेला हात घाव पडून गेल्यावर, सगळं शांत झाल्यावर, मुकाट्याने परत त्याच्या हाताखाली यायचा. हे परत येणं त्याला सगळ्यात झोंबलं. बाहेर जाऊन आलेलं माणूस असं येतं, चपला हातात घेऊन.

सहावा संपला तेव्हा तो म्हणाला, "आज पुरे."

"दोनच?" बायको म्हणाली. "चार म्हणाला होतास. बरं वाटत नाही का?"

"डोकं धरलंय."

"चहा टाकू?"

तिने चहा टाकला. चहाला काही झालं नव्हतं. हीच तर पंचाईत.

ह्याला अलगद का म्हणत, ते सांगायला हवं. शहराच्या कडेला मांस कापायचा एक कारखाना होता. तिथल्या लांब टेबलावर चाळीस माणसं ओळीने उभी राहून हाडावरून मांस सोडवायची, आणि त्या चाळिसांत ह्याच्यासारखी सुरी कुणाची चालत नसे. सुरी दाबायची नाही, ओढायची. दाबली की ती हाडावर आपटते, ओढली की आपली वाट आपणच शोधते. हा असा ओढायचा की मांस हाडावरून उठून आपणहून बाजूला बसायचं, जागा करून दिल्यासारखं. जुने लोक शपथेवर सांगत की ह्याने सोडवलेल्या एका धडाला आपलं हाड गेल्याचं दोन दिवस कळलंच नाही. सोळा वर्षं तो असा न दाबता उभा होता. घरीही तसाच. बायकोशी वरच्या पट्टीत बोलला नाही, दार आपटलं नाही, आणि जेवणाच्या सुट्टीत बायकांवर हात उचलणाऱ्यांच्या गोष्टी निघत तेव्हा तो पाण्याचा घोट घेऊन म्हणायचा, "मी अजून हात उचललेला नाही." म्हणताना त्याचा आवाज जरा जाड व्हायचा. कारण बाप. बापाचा हात गोदीतल्या दोरखंडांनी सोललेला, आणि घरात त्या हाताला दुसरं काम नव्हतं. ओला पंचा, पट्टा, एकदा तर टेबलाचाच निखळलेला पाय. बाप मेला तेव्हा अलगदने त्याचे हात छातीवर जुळवले नाहीत. तसेच दोन बाजूंना ठेवले, एकमेकांपासून लांब, आणि त्याच दिवशी स्वतःला शब्द दिला.

दुसरा शब्द बायकोला. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात दिलेला. एकमेकांशिवाय पुढचा भाग बघायचा नाही. ताप असो, पाहुणे असोत, आग लागो. आणि शब्द पाळला होता दोघांनीही. त्याचा अपघात झाला तेव्हा नऊ दिवस ती टीव्हीवर चादर टाकून बसली होती. मूलबाळ नव्हतं, होतं ते हे. चष्म्यांच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची, एक वाजता सुटायची. हा सकाळी सहाच्या पाळीला जाऊन एकला सुटायचा. आणि दोनपासून त्यांचा संसार सुरू व्हायचा. त्या संसारात सासरेबुवा विष पाजायचे, जावा एकमेकींना विहिरीत ढकलायच्या, मेव्हणे तुरुंगातून पळायचे. "त्या धाकट्याचं काही खरं नाही," ती भाजी चिरता चिरता म्हणायची, आणि हा विचारात पडायचा, घरच्या माणसाबद्दल पडावं तसा. तिच्या सख्ख्या भावाचं दुकान बुडालं ते त्याला चार महिन्यांनी कळलं. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सांगणार होते, पण तेव्हा आपल्या मालिकेचा तिसरा हंगाम चालू होता."

आता त्या शब्दाला भोक पडलं होतं. कुणीतरी होतं. बायको कुणाबरोबर तरी, कुठल्यातरी खोलीत, हे सगळं आधी बघून येत होती, आणि मग घरी येऊन त्याच्याबरोबर दुसऱ्यांदा बघत होती, न बघितल्यासारखं तोंड करून. त्याला ती खोली दिसायला लागली. पडदे कुठल्या रंगाचे ते दिसलं. दाण्यांची वाटी दिसली. त्या माणसाचा चेहरा तेवढा येईना, पण हात आला. गुबगुबीत, कुठलंच जड काम न केलेला. तिने अंगाने दगा दिला असता तर काय केलं असतं, असं त्याने स्वतःला विचारून पाहिलं, आणि त्याला नवल वाटलं, की त्याचा राग त्या बाजूला जाईचना. तो त्या सोफ्यावरच अडला. ती हसली असेल का तिथे? कुऱ्हाड पडली तेव्हा "अगं बाई!" म्हणाली असेल का, खरंखुरं, पहिल्यांदाचं? त्याच्या वाट्याला आलं ते उष्टं "अगं बाई."

संध्याकाळी ती गच्चीवरचे कपडे आणायला गेली आणि त्याने तिची पिशवी उघडली. आयुष्यात प्रथमच. रुमाल, किल्ल्या, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली, आणि चष्म्याच्या घरात चष्म्याखाली घडी घातलेला मेणकागद. मेणकागद! तो त्याने नुसत्या बोटांनी ओळखला. कारखान्यात तुकडे गुंडाळायला वापरतात तोच, एका कडेला निळी रेघ असलेला. त्यावर काळ्या खडूने लिहिलं होतं: पाचवा, तेवीस, सदतीस. सहावा, नऊ, अठ्ठावीस, एक्केचाळीस. सातवा, बारा, बारा, एकतीस दोनदा, चव्वेचाळीस. आणि अक्षरही त्याने ओळखलं. हे गलेलठ्ठ, एकमेकांच्या अंगावर रेलणारे आकडे रोज पेट्यांवर वजन लिहायला बकासुर काढायचा.

बकासुर म्हणजे कारखान्यातला वजनकाट्यावरचा माणूस. लोक मालिका बघत, हा गिळत असे. एका बैठकीत त्याने छप्पन्न भाग खाल्ले होते. उठला तेव्हा दाढी छातीला टेकली होती, आणि दारात साचलेल्या वर्तमानपत्रांखाली शेजाऱ्यांची मांजर व्यायली होती. असा माणूस जेवणाच्या टेबलाला फार धोक्याचा. कारण त्या टेबलाचा कायदा कडक होता. सोमवारी डबा उघडायच्या आधी प्रश्न यायचा, "कितव्यावर?" ज्याचा आकडा सगळ्यांत मागे तो डबा घेऊन उठायचा आणि बूट धुवायच्या हौदाशेजारी बसून एकटा जेवायचा. मुकादम स्वतः एकदा आठवडाभर तिथे जेवला, पोरीच्या लग्नामुळे मागे पडला म्हणून, आणि कुणी सूट दिली नाही. पुढचं फोडणाऱ्याला माफी नव्हती. मागच्या वर्षी करवतीवरच्या माणसाच्या तोंडून नववा भाग निसटला, तर शेजारच्याने गोठलेली मांडी उचलून त्याच्या बरगड्यांत घातली. दोन मोडल्या. चौकशीला साहेब आले तेव्हा एकोणचाळीस माणसांनी एकमुखाने सांगितलं, पाय घसरला. चाळिसाव्याने, म्हणजे बरगड्यावाल्यानेही, तेच सांगितलं. चूक आपली होती हे त्याला मान्य होतं.

बाकी टेबलावर चर्चा असायची ती धंद्याच्या अंगाने. "खांद्यात घातलेली कुऱ्हाड अशी निघते होय लोण्यातून?" करवतवाला म्हणायचा. "अडकते. हलवून काढावी लागते." "आणि रक्त बघ की! एवढं रक्त आपण चाळीस जण मिळून आठवड्यात सांडत नाही." सगळे हसायचे. अलगदही हसायचा, पण ह्या हसण्यात तो थोडा खोटा होता. कारण घाव पडायचा तेव्हा त्याला काही चूक दिसायची नाही. त्याला काही दिसायचंच नाही. छातीत एक गाठ असायची, सकाळपासून न दाबता ओढलेल्या प्रत्येक ओढीने एकेक पीळ बसलेली, आणि घावासरशी ती सुटायची, अंगभर ऊन पसरल्यासारखं व्हायचं, बोटांच्या टोकांपर्यंत. मग तो सैल होऊन मागे टेकायचा. बायको म्हणायची, "आवडलं?" तो म्हणायचा, "छान घेतलंय." हे सुख त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात वाईट काय होतं? कुणाला लागत तर नव्हतं.

शनिवारी सकाळी थंड खोलीतून धडं आकड्यांवर लोंबत आली आणि चाळीस सुऱ्या सळईवर घासल्या गेल्या. रात्रभर तो जागा होता की नव्हता, हे त्याला सांगता आलं नसतं. डोळे मिटले की गुबगुबीत हात दिसायचा, आणि आता त्याला चेहरा होता. दोन धडं त्याने सोडवली. तिसऱ्यावर सुरी हाडाला लागली. टक् असा आवाज झाला. शेजारच्याने मान वर केली. सोळा वर्षांत त्या जागेवरून असा आवाज आला नव्हता. अलगदने सुरी तशीच हातात धरली आणि तो वजनकाट्याकडे निघाला. तिथला नियम असा, की सुरी हातात असेल तर चालायचं नाही, आणि चाललात तर टोक जमिनीकडे, मूठ कमरेखाली. लहान मुलं गुणाकार शिकतात तसा हा नियम ते शिकलेले. तो कमरेखालीच धरून चालला होता. सवय.

"सातवा," तो काट्याशी येऊन म्हणाला. "बारा, बारा, एकतीस दोनदा, चव्वेचाळीस."

बकासुराचं तोंड उजळलं. "अरे! तुलापण पाहिजे होय? मग दोघांनी एकच कागद वापरा की."

पुढचं सांगणारे चार प्रकारे सांगतात. कुणी म्हणतं, अलगदने त्याला एका हाताने उचलून रिकाम्या आकड्यापर्यंत नेला. बकासुराचं वजन पाहता ही थाप आहे, पण थापेतही गुंजभर खरं असतंच. एवढं नक्की की काट्याच्या लोखंडी खांबावर बकासुराचं डोकं आपटलं, दोनदा, आणि खांब घुमला. अलगदचा डावा हात त्याच्या गळ्यावर होता आणि उजवा कमरेच्या वर आला होता. अख्ख्या कारखान्याने आधी पाहिलं ते हेच, सुरी कमरेच्या वर. करवत बंद पडली. बकासुराने स्वतःला वाचवायला समोर जे आलं ते धरलं, आणि समोर पातं होतं. त्याने पातं मुठीत धरलं. अलगदने ते ओढलं. ओढायचं असतं हेच त्याच्या हाताला ठाऊक. तळहात आडवा उघडला, आणि आतलं सगळं क्षणभर पांढरं दिसलं, नीट, रेखीव, अजून रक्त यायचं होतं. ह्या क्षणाला पडद्यावर कधी जागा देत नाहीत. मग रक्त आलं. फार नव्हतं, पण थांबत नव्हतं, आणि बकासुर त्या हाताकडे बघून लहान पोरासारखा ओरडत होता, "मिनिटं आहेत रे ती! मारामारीची मिनिटं!"

"कुणी मागितली?"

"वहिनींनी! चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो. म्हणाल्या, भावजी, तुमचं सगळं बघून झालंय, तर घाव कुठे कुठे पडतात तेवढं लिहून द्या. बाकी एक अक्षर सांगू नका. मी नाही सांगितलं! आठव्याचं तर दिलंसुद्धा नाही, त्याने शेवट फुटतो. मी हलकट नाही रे! बघवत नसेल बाईमाणसाला, म्हणून दिलं."

मुकादम आला. अलगदच्या मुठीवर आपली मूठ ठेवून त्याने सुरी आधी कमरेखाली नेली आणि मग काढून घेतली. "घरी जा," तो म्हणाला. "सोमवारी ये म्हणून सांगत नाही. नको येऊ असंही म्हणत नाही. घरी जा."

आणि अलगद घरी निघाला तो, खोटं कशाला बोला, हलका होऊन. नोकरी गेली असेल, दुसऱ्याचं रक्त बाहीवर वाळत होतं, आणि त्याच्या मनात बायकोबद्दल अशी माया दाटून आली होती की रस्त्यात भेटेल त्याला सांगावं. बघवत नाही बिचारीला! अकरा वर्षं त्याच्यासाठी ते रक्त बघत बसली, आणि आता मन घट्ट करायला मिनिटं मागत फिरली. भाग पाहिला नाही. शब्द मोडला नाही. कुठलीच खोली नव्हती, कुठलेच पडदे नव्हते. सिग्नलपाशी तो एकटाच हसला, आणि शेजारी उभी असलेली बाई त्याची बाही बघून दोन पावलं सरकली. आता आपण विनोदी मालिका बघू, त्याने ठरवलं. पडून-झडून हसवणारी. नाही तर प्रवासाची, डोंगर आणि नद्या. कंटाळा येईल, पण बघू.

बायको घरी होती. शनिवारी ती दहाला सुटत असे. सोफ्यावर तिची निळी प्रवासाची पिशवी होती, भरलेली, आणि ती तिच्या शेजारी बसली होती, गाडीची वाट बघत फलाटावर बसावं तशी. तिने बाही पाहिली.

"कुणाचं?"

"बकासुराचं. तळहात कापला. मी... मला भलतंच वाटलं. कागद सापडला मला." तो हसायला लागला. "अगं वेडे, एवढं बघवत नाही तर मला सांगायचंस! बकासुराकडे कशाला?"

"कोण म्हणालं बघवत नाही?"

"तोच."

"त्याला दुसरं काय सांगणार?" बायको म्हणाली. "मला सगळं बघवतं. डोळे काढतात तेही बघवतं. मजेत बघते मी." तिने उजव्या हाताची बाही वर केली. दुकानाचा लांब बाह्यांचा पांढरा कोट ती घरीही क्वचितच काढायची. थंडी वाजते म्हणायची. मनगटाच्या वर, हाताच्या बारीक हाडांवर, चार बोटं आणि एक अंगठा होता. एकावर एक उमटलेले, जुने पिवळे, मधले हिरवट, परवाचे जांभळे, एकाच मापाचे. "प्रत्येक घावाला," ती म्हणाली. "घाव जेवढा मोठा तेवढं जोरात. त्या पुलावरच्या हंगामात करंगळीचं हाड गेलं. दुकानात सांगितलं, दारात सापडली."

तो बघत राहिला. बोटं त्याची होती ह्यात शंका नव्हती. तर्जनीचं टोक वाकडं, तेही उमटलं होतं.

"सांगायचंस की."

"सांगितलं होतं. 'हात दुखतो' म्हटलं. तू म्हणालास, 'थांब, आता बघ.'"

त्याला आई आठवली. कधी न आठवलेली एक गोष्ट. जेवायला बसलेले असायचे, बाप काही बोललेला नसायचा, भुवईसुद्धा हललेली नसायची, आणि आई हात लांब करून बापाच्या पुढ्यातला काचेचा पेला उचलून खिडकीत ठेवायची. मग बापाची खुर्ची मागे सरकायची. पेला कधी फुटला नाही. ह्याला वाटायचं आईला भविष्य दिसतं. शाळेत त्याने तसं सांगितलंही होतं, फुशारकीने: माझ्या आईला पुढचं कळतं. मग पोरं आपापलं भविष्य विचारायला घरी आली, आणि आईने त्यांना खाऊ देऊन परत पाठवलं. पाठवताना तिने ह्याच्याकडे कसं पाहिलं होतं! आत्ता बायको बघत होती तसंच; रागाने नाही. डोळे तपासताना बघतात तसं, ह्याला कुठपर्यंतचं दिसतं बरं.

"मी हात उचलला नाही कधी," तो म्हणाला. ते वाक्य ह्या खोलीत फार लहान निघालं.

"नाही. ठेवलास."

"आता नाही धरणार. मी तिकडे खुर्चीवर बसेन. सातवा बघू, तू इथे, मी तिकडे. हात बांधून बसेन."

"मीही तेच ठरवलं होतं," बायको म्हणाली. "दोनच भाग उरलेत, काढू. पण आठव्याची मिनिटं भावजींनी दिली नाहीत. म्हणून आज सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत फोनवर लावला. नुसती मिनिटं टिपायची म्हणून. वही घेऊन बसले. पहिला घाव लिहिला, दुसरा लिहिला. मग माझ्या लक्षात आलं की हात मांडीवर मोकळा पडलाय. काहीच होत नाहीये त्याला. मी वही मिटली आणि तसाच पाहिला, शेवटपर्यंत. इतकं छान वाटलं रे. किती वर्षांत मी घाव पडताना घाव बघितला नव्हता."

"आठवा?" तो म्हणाला. "माझ्याशिवाय?"

हे त्याच्या तोंडून निघालं. समोर ते डाग होते, बाहीवर रक्त होतं, खिडकीत आईचा पेला होता, आणि त्या सगळ्यांना कोपराने ढकलून हा शब्द पुढे आला, आणि त्याच्या मागोमाग छातीतली गाठ आली, आवळत, आवळत, सकाळच्याहून मोठी. सातवासुद्धा नाही, एकदम आठवा! अकरा वर्षं. नऊ दिवस चादर. उजवा हात वर गेला. त्याने नेला नाही, तो गेला. खांद्याच्या वर, कानाच्या वर, आणि तिथे थांबला, तळवा उघडा, वाकडी तर्जनी जराशी पुढे.

बायको मागे सरली नाही. मनगटावरचं घड्याळ बघावं तसं तिने त्या हाताकडे पाहिलं. "ह्याचं मिनिट मात्र कुणी लिहून द्यायची गरज नव्हती," ती म्हणाली, आणि उठली. पिशवीचा पट्टा तिने खांद्यावर घेतला. "ऐकून घे आता. ती थोरली वहिनी शेवटी वखारीत जाते तेव्हा..."

"नको!" तो ओरडला. "शेवट नको सांगूस!" आणि वर गेलेल्या हाताला एकदम काम सापडलं. तो कानावर बसला. डावाही धावत येऊन दुसऱ्या कानावर बसला. जेवणाच्या टेबलावर चाळीस माणसं एका वेळी असे कान झाकत. तो डोळे विस्फारून, कान दाबून उभा राहिला, आणि बायको बोलत होती. तिचे ओठ हलत होते. वखारीचं ती फार बोलली नसावी, कारण लगेच तिने भिंतीवरच्या किल्ल्यांकडे बोट केलं. मग औषधांच्या डब्याकडे. मग स्वयंपाकघराकडे, आणि दोन बोटांनी काहीतरी बंद करून दाखवलं, गॅस असेल. मग स्वतःकडे, मग रस्त्याकडे. मग बराच वेळ कुठेच बोट न दाखवता ती बोलली, आणि ह्या बोलण्यात तिचा चेहरा त्याने कधी न पाहिलेला होता, कारण तो नेहमी तिच्या शेजारी बसत आला होता.

हे मालिकेतलं नाही, हे त्याला कळलं. हात काढायला पाहिजेत, हेही कळलं. त्याने मनाने हात काढलेही. पण बोटं सुटेनात. सोळा वर्षांची बोटं. एकदा आवळली की ती दुसऱ्याने सोडवावी लागत. कान दबून दबून आत समुद्रासारखं गाजत होतं, कानाची कूर्चा कडकडत होती, एका कानाच्या मागून गरम काहीतरी ओघळलं, आणि तो जितका सोडवायला जाई तितकी ती अधिक रुतत. बायको थांबली. प्रश्न विचारून थांबतात तशी. ती त्याच्या हातांकडे बघत उभी राहिली, तपासायला आलेल्या माणसाला शेवटची ओळ वाचायला जेवढा वेळ देतात तेवढा वेळ. मग तिने मान हलवली आणि ती गेली. दार मिटलं ते त्याला नुसतं दिसलं.